रेडिओकाकांच्या पानावरून काढलेली पट्टी

"काका गेले गो पहाटे. दहाला नेणार आहेत, यायचं तर ये." एवढंच बोलून सुमनकाकींनी फोन ठेवला. मी तेव्हा आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर उभी होते, चिरेखाणीत नव्याने उतरलेल्या कापणी यंत्राचे फोटो काढत होते. फोटो काढायचे राहिले. तिथून त्यांच्या गावी, भाट्याला पोचेपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी पोचली होती आणि तिच्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. मधेच कुणीतरी लिहिलं होतं, "माणूस चांगला होता, पण चुकला." त्यालाही चार जणांनी अंगठे दाखवले. अंत्ययात्रेला वाडीतून मी एकटीच होते. ज्या वाडीसाठी हा माणूस दीड वर्ष रोज सकाळी सहाला उठून बसला, तिच्यातून एकटी मी… आणि तिथे उभं राहायचा सर्वांत कमी हक्क माझाच होता. महिना उलटून गेला. त्या ‘पण चुकला’बद्दल मला लिहायचं आहे.

मुकुंद सागवेकर हे त्यांचं नाव, पण भाट्यात कुणालाही विचारलं तर रेडिओकाका म्हणूनच घर दाखवतील. मालवाहू बोटींवर ते रेडिओ ऑफिसर होते. बोटीवर येणारे-जाणारे सगळे संदेश घ्यायचे, लिहून काढायचे आणि कप्तानाच्या हाती द्यायचे, हे काम. पुढे उपग्रह आले, यंत्रंच सगळं करायला लागली आणि बोटीवर या माणसाची गरज उरली नाही. चाळिशीत घरी बसवलेला माणूस साधारण काय करतो ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हे गृहस्थ रत्नागिरीत एका क्लासला जाऊन विशी-बाविशीच्या पोरांच्या शेजारी बसून संगणक शिकले, मग पुस्तकं मागवून वेबसाइट बनवायला शिकले, आणि पुढची पंचवीस वर्षं आंबेवाल्यांच्या, लॉजवाल्यांच्या, दोन-तीन शाळांच्या साइट बनवत घरातल्या एका खोलीत बसले. त्या खोलीत बोटीची एकही आठवण टांगलेली नव्हती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर काहीतरी चाक, होकायंत्र वगैरे शोधत होते. "काय बघतेस? संग्रहालय नाही ते," म्हणाले.

मी गेले होते आमच्या संघटनेचं पत्रक घेऊन. आमच्या सड्यावरच्या चिरेखाणीला वाढीव जागा द्यायचा प्रस्ताव आला होता. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या वाडीत येऊन राहावं. तो कातळ पावसाळाभर पाणी पितो आणि ते पाणी खालच्या झऱ्यातून आम्हाला उन्हाळाभर मिळतं. झऱ्यावर पन्नासेक घरं जगतात. खाण जिथे वाढणार होती ती जागा बरोबर झऱ्याच्या डोक्यावर. या प्रस्तावाची कागदपत्रं, सुनावणीची तारीख, हरकत कुठे द्यायची, हे सगळं म्हणे एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘जनतेच्या माहितीसाठी’ ठेवलेलं होतं. ही जनता कोण ते त्या कार्यालयालाच माहीत. आमच्या वाडीतल्या फोनवर ते पान उघडलं की मुंगीएवढी अक्षरं, बारा रकान्यांचा तक्ता, तो आडवा सरकवावा तर वरचा मथळा गायब, आणि तक्त्यात अख्ख्या जिल्ह्याचे प्रस्ताव. त्यात आपला प्रस्ताव शोधायचा म्हणजे तांदळातले खडे. मी ते पान मोबाइलवर दाखवून रेडिओकाकांना म्हटलं, याचं पत्रक करून हवंय, दर आठवड्याला.

त्यांनी माझं पत्रक वाचलं. आधीच्या आंदोलनाचं होतं, मीच लिहिलेलं. "आवाज मोठा आहे तुझा," म्हणाले, "पण पत्रक छापून वाडीत पोचेतो चार दिवस जातात. त्या चार दिवसांत तिकडे काय बदललं ते कुठे सांगणार?" मग खुर्ची संगणकाकडे वळवून त्यांनी मला समजावलं. त्यांच्या सर्व्हरवर एक लहानशी स्क्रिप्ट राहील. रोज सकाळी सहाला ती कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाईल, ते पान जसंच्या तसं उचलून आणेल, त्यातला आमच्या तालुक्याचा भाग वेगळा काढेल आणि मोठ्या काळ्या अक्षरांत, एकाखाली एक, कुठल्याही स्वस्तातल्या फोनवर दिसेल असा मांडून ठेवेल. वाडीला एकच लिंक द्यायची. "मजकूर त्यांचाच, कपडे आपले," म्हणाले.

आठ दिवसांत पान चालू झालं. वर लिहिलेलं असायचं : आज सकाळी सहा वाजता आणलं. खाली मूळ पानाची लिंक. कार्यालयाचं संकेतस्थळ बंद असलं तर आदल्या दिवशीचा मजकूर दाखवायचा नाही, लाल चौकटीत ‘आज पान आणता आलं नाही’ असं स्पष्ट लिहायचं, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, काका, कालचं दाखवलं तर काय बिघडतं, लोक उगाच घाबरतील. "घाबरूदेत. शिळी बातमी ताजी म्हणून देणं हा गुन्हा आहे," म्हणाले. आणि स्क्रिप्टवर सोडून ते झोपून राहत नसत. सहाला उठून आणलेलं पान आणि मूळ पान शेजारी उघडून ओळ न् ओळ जुळवत. काकी चहा ठेवताना टोमणा मारायच्या, "बोट कधीच गेली, यांची पहाऱ्याची वॉच काय संपत नाही."

वाडीतल्या बायाबापड्या ते पान वाचायला लागल्या. याची किंमत शहरात बसून कळणार नाही. गणूआबा आमच्या वाडीतले सगळ्यांत वयस्कर गावकर, चौथीपर्यंत शिकलेले. ते चष्मा लावून झऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचायचे, "प्रस्ताव… विचाराधीन." मग वर बघून, "म्हणजे अजून दिला नाय ता." सरकारी कागद त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता. आता ते दुसऱ्यांना ऐकवत होते.

आता पट्टीचं सांगते.

कार्यालयाच्या पानावर अगदी वर एक सरकती पट्टी होती. उजवीकडून डावीकडे लाल अक्षरं धावायची. स्वागत, गेल्या वर्षीच्या कुठल्याशा सप्ताहाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी नियुक्तीबद्दल अभिनंदन, संकेतस्थळ कुठल्या जुन्या ब्राउझरमध्ये चांगलं दिसेल त्याची सूचना. असा सगळा गाळ. रेडिओकाकांनी ही पट्टीही आणली होती. सरकायची थांबवून, पिवळ्या चौकटीत, आमच्या पानावर सगळ्यांत वर ठेवली होती. मला ती डोळ्यांत खुपायची. फोन उघडला की पहिला पडदा भरून शुभेच्छा, आणि आमचा प्रस्ताव खाली. मी संघटनेत पहिल्या दिवसापासून शिकलेली गोष्ट म्हणजे एका पत्रकात एक मुद्दा. बाकी सगळं काप. वाचणाऱ्याला विचार करायला जागा ठेवू नकोस, नाहीतर तो पत्रकात भजी बांधतो.

मी भाट्याला जाऊन त्यांना म्हटलं, ती पट्टी काढा.

"का?"

"कचरा आहे तो."

"कचरा आहे, पण त्यांचा आहे. आपण पान आणतो. त्यातलं काय लोकांनी वाचावं ते ठरवणारे आपण कोण?"

"तालुका तर तुम्ही निवडलातच ना? बाकीचे तालुके टाकलेत."

"टाकलेत, आणि तसं खाली लिहिलंय. तालुका बदलत नाही. पट्टीत उद्या काय येईल ते तुला माहीत आहे?"

मग त्यांनी बोटीवरचं सांगितलं. हवामानाचा संदेश यायचा त्यात भलभलत्या समुद्रांचं असायचं, जिथे आपण जाणारच नाही. एका नव्या अधिकाऱ्यानं यांना विचारलं, हे सगळं कशाला टाइप करता, आपल्या वाटेवरचं तेवढं द्या. हे म्हणाले, "बोट वाट बदलते साहेब." मला ते ऐकून हसू आलं. मी म्हटलं, काका, आमचा सडा कुठे जात नाही. आणि मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हटलं, "तुम्हाला पान नीट आणायचंय, आम्हाला पाणी वाचवायचंय. दोन्हीत फरक आहे. पट्टी राहणार असेल तर मी लिंक वाटायची बंद करते, परत कागदावर जाते." त्यांनी खुर्ची वळवली आणि माझ्यासमोर एक ओळ लिहिली. पट्टी सापडली की ती टाकून दे. एवढीच ओळ. पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मी खूश. "झालं समाधान पत्रकबाईंचं?" म्हणाले, पण हसले नाहीत.

पुढे जनसुनावणीची तारीख लागली. शुक्रवार, सकाळी अकरा, गावच्या शाळेत. तक्त्यात आली, आमच्या पानावर आली, गणूआबांनी कट्ट्यावर वाचली. आम्ही तयारीला लागलो. शुक्रवारी शाळेचं आवार भरून लोक आले. बायका झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आल्या होत्या, साहेबाला पाजायला. गणूआबांनी तीन पानांचं भाषण स्वतः लिहून आणलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी मुख्याध्यापक बाई दिसल्या. त्या म्हणाल्या, मला काहीच कळवलेलं नाही. साडेबाराला मी कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "सुनावणी बुधवारीच झाली ना. तालुक्याच्या सभागृहात. कोणी हरकतदार उपस्थित नव्हते, तसं नोंदवलंय. बदल साइटवर टाकला होता, वर पट्टीत."

तारीख अलीकडे ओढली, जागा बदलली, ग्रामपंचायतीला धाडलेलं पत्र सुनावणी उरकल्यावर पोचलं, तक्त्यात शुक्रवार तसाच ठेवला, आणि सगळा कायदा एका धावत्या ओळीत पाळून टाकला. याला मी बदमाशीच म्हणते आणि म्हणत राहीन. पण ती ओळ तिथे होती. सहा दिवस होती. रेडिओकाकांची स्क्रिप्ट रोज सकाळी ती आणत होती आणि माझ्या हुकमाप्रमाणे फेकून देत होती. आणि ओळ न् ओळ जुळवणारा हा माणूस नेमका त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता. म्हणाले होते, "आठ दिवस मी बघणार नाही, तू मूळ पान उघडत जा." मी "हो" म्हटलं होतं. एकदाही उघडलं नाही. आमचं पान स्वच्छ होतं ना!

त्याच रविवारी देवळात सभा बसली. रेडिओकाका काळा चष्मा लावून रिक्षाने आले. त्यांना बोलावलं नव्हतं, तरी आले. गणूआबा उठले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "रेडिओकाका, आमी तुमच्या पानावर इस्वास ठेवला. मूळ पानावर होता, ता तुमच्या पानावर कसा नाय?"

काका उभे राहिले. त्यांनी मान वळवली. काळ्या चष्म्यामागून ते मला बघत होते की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तोंड माझ्या दिशेला होतं. मी खाली सतरंजीकडे बघत होते. "ती पट्टी टाकायची ओळ मी लिहिली," ते म्हणाले. "माझ्या हातची आहे." आणि थांबले. त्या थांबण्यात मी बोलायचं होतं. जागा मोकळी ठेवली होती त्यांनी. मी बोलले नाही… कोणीतरी मागून म्हणालं, "ऑपरेशन डोळ्याचा, पण आंधळे झालो आमी." लोक हसले. ते हळूच पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं : ‘तांत्रिक चुकीचा फायदा घेऊन प्रशासनाने साधला डाव!’ त्या ‘तांत्रिक चुकी’मागे मी लपले. वाडीच्या गटातून काकांचा नंबर काढायला सांगितलं गेलं तेव्हा ॲडमिन मीच होते. काढला.

पंधरा दिवसांनी न राहवून भाट्याला गेले. ते खोलीतच होते. पान चालूच होतं, कोणी उघडत नव्हतं तरी. पट्टी परत पिवळ्या चौकटीत वर बसली होती. मी म्हटलं, काका, चुकलं माझं. त्यांनी मला "असूदे" म्हटलं नाही, आणि मी त्यासाठीच गेले होते हे त्यांना कळलं असणार. "ओळ मी लिहिली हे खरंच आहे," म्हणाले. "कोणी सांगितलं म्हणून हात चालवायचा नव्हता, ते माझं चुकलं. पण तू गप्प बसलीस त्याचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं." मी म्हटलं, पुढच्या सभेत सांगते. "सांग," म्हणाले. पुढची सभा झाली. त्याच्या पुढचीही झाली. दर वेळी काहीतरी तातडीचं असायचं, आणि मला पटायचं की आत्ता हे काढलं तर आंदोलन फुटेल. आपली लाज आंदोलनाच्या नावावर खपवायला फार सोपी असते. तिसरी सभा व्हायच्या आत ते गेले. झोपेत गेले, डॉक्टर हृदयविकार म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर काकींनी मला बोलावलं. सुनावणी पुन्हा घ्या म्हणून आम्ही वरच्या कार्यालयात अर्ज केला होता, त्याला खालच्या कार्यालयाने उत्तर दिलं होतं की तारखेतला बदल पट्टीत आणि तक्त्यात, दोन्हीकडे वेळेत केला होता. तक्त्यातही! आम्ही ओरडत होतो की धडधडीत खोटं आहे, पण पुरावा काय? वेबसाइटचं पान बदललं की कालचं पान कुठे दाखवणार? काकी म्हणाल्या, "ते रोजचं काहीतरी जपून ठेवायचे. बघ तुझ्या उपयोगाचं असलं तर." संगणक चालूच होता. त्यांनी तो बंद केला नव्हता, कसा बंद करायचा ते ठाऊक नाही म्हणाल्या, पण मला ते खरं वाटलं नाही. एका फोल्डरमध्ये रोज सकाळी सहाचं मूळ पान जसं आलं तसं साठवलेलं होतं, कापण्याआधीचं. एकेक दिवसाची एकेक फाइल, नावात तारीख आणि वेळ. आम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. बुधवारची फाइल उघडली. तक्त्यात शुक्रवार. गुरुवारची उघडली. शुक्रवारच. खोटं उघडं पडलं होतं, कार्यालयाच्याच मजकुरात.

आणि प्रत्येक फाइलीत, सगळ्यांत वर, पट्टी. सहाही दिवस. सुनावणी बुधवारी, तालुका सभागृहात.

मी तिथे बसून काय विचार केला ते लपवत नाही. तक्ता तेवढा छापून जोडावा, असं वाटलं. पुरावा तक्त्याचा आहे, पट्टीचा कशाला? एक अर्ज, एक मुद्दा. पट्टी कापून टाकायच्या खुणेवर माउस नेलासुद्धा. मग त्याच खुर्चीवर, त्यांच्या खुर्चीवर बसून पुन्हा तेच करायला निघालेय हे डोक्यात उतरलं, आणि हात उचलला… सगळी पानं पूर्ण छापली. पट्टी पूर्ण जोडायची तर ती आमच्या पानावर का नव्हती तेही नव्या अर्जात लिहावं लागणार होतं, कोणाच्या नावानिशी, तेही.

रविवारी देवळात मी ते वाचून दाखवलं. पट्टी काढायला लावणं माझं, मूळ पान न उघडणं माझं, सभेत गप्प बसणं माझं. संपल्यावर गणूआबांनी चष्मा काढला. "ह्या तेव्हा बोलली असतीस तर आमी तुला फाडून खाल्ला असता," म्हणाले. "खावंक देऊचा होता गो. त्या माणसाक कशाक दिलास?" मग त्यांनी अर्जावर पहिली सही केली, आणि माझ्याशी अजून बोललेले नाहीत. पट्टी जोडली तर अर्ज फेटाळतील असं आमच्या वकिलांना वाटतं. जोडली नाही आणि त्यांनी दाखवली तर नक्की फेटाळतील, असंही वाटतं. पाण्याचं काय होईल ते आज मला माहीत नाही. सड्यावर यंत्र चालूच आहे.

अर्ज देण्याच्या दिवशी सकाळी शेवटची प्रत छापायला भाट्याला गेले. काकी म्हणाल्या, वाच. मी वाचलं. काकांच्या नावाच्या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं : ‘सदर ओळ श्री. सागवेकर यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिली.’

"सांगण्यावरून नव्हे," काकी म्हणाल्या. "मी चहा घेऊन दारात होते तेव्हा. हट्टावरून लिही."

मी संगणकावर दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, छापलेल्यावरच कर, दिसूदे. पेनाने ‘सांगण्यावरून’ खोडून वर ‘हट्टावरून’ लिहिलं आणि शेजारी सही केली. काकींनी कागद हातात घेऊन ते वाक्य स्वतः एकदा वाचलं. मग टेबलावरची धूळ पदराने पुसली, संगणकाचं बटण मात्र टाळून, आणि चहा टाकायला आत गेल्या.